काटा खाली होता

मंद्रूपच्या पुढं, कर्नाटकाच्या बाजूला असलेल्या एका गावात मी प्राथमिक शिक्षिका होते, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही राहायला सोलापुरात. त्या शाळेवरचे आम्ही चार शिक्षक रोज एका जीपनं ये-जा करायचो. जीप त्याच गावातल्या एका माणसाची होती आणि चालवायचाही तोच. सकाळी गावातून दुधाचे कॅन आणि सोलापूरला निघालेली माणसं घेऊन यायचा, परत जाताना आम्हाला आणि वाटेतल्या माणसांना घेऊन जायचा. संध्याकाळी तेच उलट. घरात पिढीजात मेंढरं. आई आणि मोठा भाऊ मेंढरांचं बघायचे, याला मात्र पहिल्यापासून चाकाचं वेड. जीप जुनी होती, पण सीटवर धुतलेली कव्हरं आणि पुढच्या काचेवर एक डाग नाही.

मी पुढं बसायचे, त्याच्या शेजारी. चौघांत मी एकटीच बाई, म्हणून ती जागा माझी झाली होती. बोलता बोलता एकदा निघालं की माझं माहेर त्याच्या मावशीच्या गावाला अगदी लागून आहे. त्या दिवसापासून तो मला 'ताई' म्हणायला लागला आणि माझ्या मिस्टरांना न बघताच 'दाजी'. "दाजींना आज डब्यात काय दिलं?" असं रोज विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

उन्हाळा लागायच्या सुमाराला जीपमधलं पाणी कमी व्हायला लागलं. रेडिएटर सोलापुरात भरायचा, मंद्रूपला थांबून पुन्हा भरायचा. गाडीखाली वाकून बघावं तर एक थेंब नाही. "कुटं मुरतंय कुणाला ठावं," म्हणायचा. सीटखाली बोअरच्या पाण्याचे कॅन ठेवलेले असायचे आणि खड्डा आला की ते माझ्या पायांवर आदळायचे.

शेवटी मीच म्हणाले, "आमच्या मिस्टरांच्या गॅरेजला दाखवा की. डिझेलच्या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही."

हे मी सगळ्यांच्या देखत बोलले. मागं मुख्याध्यापक होते, बाकीचे दोघे सर होते. मला असं बोलायला आवडायचं, ते कशाला लपवू? माझे सासरे मार्केट यार्डात हमाली करायचे. पाठीवर पोती वाहून त्यांनी मुलाला आयटीआयला घातलं. पुढं मिस्टरांनी बरीच वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात काढली आणि मग विजापूर रोडला, रस्त्यापासून जरा आत, स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं. उद्घाटनाला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारातली सगळी माणसं लोटली होती. 'आपल्या पोराचं गॅरेज' असं सासरे भेटेल त्याला सांगायचे. मीही सांगायचेच. फक्त माझी भाषा शाळेतली होती.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी सगळ्यांना सोडून तो जीप घेऊन गॅरेजला निघाला, मीही सोबत गेले. दोघांची ओळख मीच करून दिली. मिस्टर बॅटरीचा उजेड टाकत बराच वेळ इंजिनात वाकून बघत होते. मग त्यांनी मला आणि त्याला जवळ बोलावलं. "हे बघा, हितं."

इंजिनाच्या अंगाला, धुराचा पाइप जिथून निघतो त्याच्या मागं, एक गोल पत्र्याची वाटी उलटी ठोकल्यासारखी दिसत होती. तिच्यावर गंजाचा तपकिरी ओघळ होता. मिस्टरांनी समजावून सांगितलं. इंजिनाचा लोखंडी ठोकळा ओततात तेव्हा त्याला अशी गोल भोकं राहतात. आतून पाणी फिरतं, म्हणून बाहेरून ही पत्र्याची वाटी घट्ट ठोकून भोक बंद करतात. तिला प्लग म्हणतात. थंडीच्या मुलखात आतलं पाणी गोठून फुगलं तर कधी कधी ठोकळा फुटायच्या ऐवजी हा प्लग निसटतो. आपल्या सोलापुरात पाणी कुठलं गोठतंय! इथं तो गंजतो. नुसतं बोअरचं खारं पाणी ओतत राहिलं की आतून खात जातो.

"ह्याला सुईएवढं भोक पडलंय," मिस्टर म्हणाले. "पाणी गरम लोखंडावर येतं आन् वाफ होऊन जातं. खाली थेंब कसा दिसंल?"

ड्रायव्हर खूष झाला. आजार कळला की माणसाला अर्धं बरं वाटतं, तसं. "लई वेळ लागंल का दाजी? उद्या लग्नाचं भाडं घेतलंय."

मिस्टरांनी शेडमध्ये उभ्या असलेल्या एका टेम्पोकडं बघितलं. तोही संध्याकाळपर्यंत द्यायचा होता आणि त्याचाही असाच एक प्लग गेला होता. ते मोटरसायकलवर जाऊन दुकानातून प्लगचं पाकीटच घेऊन आले. जुना प्लग खोचून काढला, भोकाची कड फडक्यानं पुसली, नवा लावून ठोकला. दोनतीन ठोक्यांत तो आत गेला.

"लवकर बसला की," ड्रायव्हर म्हणाला.

"हाताला सवय असती," मिस्टर म्हणाले.

मी समोरच्या टपरीवरून चहा सांगितला होता. तिघांनी उभ्या उभ्या चहा घेतला. त्या दिवशी मला नवऱ्याचा इतका अभिमान वाटत होता की घरी जाताना मी वाटेत त्यांच्यासाठी खारी बिस्किटं घेतली.

पुढचे काही दिवस छान गेले. पाणी हलेना. कॅन सीटखालून गेले आणि मला पाय पसरून बसता यायला लागलं. मुख्याध्यापक मागून म्हणाले, "मॅडम, तुमच्या मिस्टरांनी कमाल केली बघा." मी "त्यात काय एवढं" म्हणाले, पण दिवसभर ते वाक्य माझ्यासोबत होतं.

मग ती सकाळ आली. जीप भरलेली होती. आम्ही चौघं, आणि मागच्या बाकावर एक बाळंतीण आणि तिची आई. सिव्हिल हॉस्पिटलमधून सुट्टी मिळून त्या गावाला निघाल्या होत्या. बाळ इतकं लहान की कापडात नुसतं नाक दिसत होतं. आजी कानडी बोलणारी, मराठी मोडकंतोडकं. ऊन सकाळीच चढलं होतं.

सीना नदीचा पूल ओलांडून पुढं गेलो आणि चढावर बॉनेटखाली 'टक्' असा आवाज आला. खडा उडून लागावा तसा.

"खडा असंल," ड्रायव्हर म्हणाला. तरी त्यानं समोर काट्याकडं बघितलं. त्याच्या नजरेबरोबर मीही बघितलं. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा तो काटा जरासा वर सरकला आणि मग आपोआप खाली येऊन पडला, सकाळी गाडी चालू करताना असतो तसा. "काटा खाली हाय," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं गाडी चढावर घातली.

थोड्याच वेळात गरम लोखंडाचा वास यायला लागला. गाडी ओढेना. आतून काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला, एक झटका बसला आणि इंजिन बंद पडलं. त्यानं किल्ली फिरवून बघितली, ते हललंसुद्धा नाही. गाडी कडेला घेतली, उतरला, बॉनेट उघडलं. भट्टीचं तोंड उघडावं तशी आच आली. थोडा वेळ थांबून त्यानं खाली वाकून बघितलं, मग काठी घातली. काठी सरळ भोकात गेली. नव्या प्लगच्या जागी नुसतं गोल भोक होतं. आत पाणी नव्हतं, काहीच नव्हतं.

"प्लग उडाला," तो म्हणाला.

मुख्याध्यापक त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. ते सरळ झाले आणि म्हणाले, "परवा बसवला तोच ना हा, मॅडम?"

त्यांच्या आवाजात काही वाकडं नव्हतं. त्यांना खरंच माहिती हवी होती. पण दोघे सर माझ्याकडं बघायला लागले, आणि ड्रायव्हर मुद्दाम दुसरीकडं बघायला लागला. त्याचं ते दुसरीकडं बघणं मला जास्त लागलं. माझ्या तोंडातून "हो" एवढंच बाहेर पडलं.

रस्त्याला सावली नव्हती. एक बाभूळ होती, तिची सावली म्हणजे चाळणीतून ऊन गाळल्यासारखी. बाळंतिणीला उभं राहवेना. आम्ही सीटचं कव्हर काढून तिला खाली बसवलं. मी बाळाला घेतलं आणि त्याच्यावर पदर धरून उभी राहिले. बाळ लालबुंद झालं होतं आणि रडायचं सोडून नुसतं तोंड उघडमीट करत होतं. आजी माझ्याजवळ आली. "एनात्री बाई?" काय झालं म्हणून विचारत होती.

"गाडी तापली," मी म्हणाले.

"डायवर पाणी टाकला नाही?" तिनं विचारलं.

मी बाळावरचा पदर सारखा केला. ड्रायव्हरनं ते ऐकलं. भरल्या गाड्या थांबत नव्हत्या. शेवटी एक रिकामा पिकअप थांबला आणि त्याच्या पुढच्या सीटवर बाळ-बाळंतिणीला आणि आजीला बसवून दिलं. आजीनं बाळ घेताना माझ्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "छलो आगली," म्हणाली, तुझं चांगलं होवो. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. तिला कळलं असतं की ही गाडी कुणाच्या हातून अशी झाली, तर तिनं माझी अशी दृष्ट काढली असती का? मी सांगितलं नाही. सांगायला वेळ होता. पिकअप निघेपर्यंत ती माझ्याकडं बघून मान हलवत होती.

आम्ही एसटीनं शाळेत पोचलो, उशिरा. ड्रायव्हर जीपजवळच थांबला. पुढं त्याच्या भावानं ट्रॅक्टर आणून ती ओढत गावात नेली.

संध्याकाळी मी घरी न जाता सरळ गॅरेजला गेले. मिस्टर एका गाडीची चाकं बसवत होते. मी सगळं सांगितलं. बाळाचंही सांगितलं. ते ऐकत राहिले, हात मात्र चालू.

"प्लग असा उडत नसतो," ते म्हणाले. "त्यानं गरम गाडी ओढली असणार. काटा बघायला नको? चाललाय आपला गाणी लावून."

"गाणी नव्हती लावली. काटा आम्ही दोघांनी बघितला. काटा खाली होता."

"आगं, पाणीच गेल्यावर काटा काय दाखवणार? त्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असला तर—" ते बोलता बोलता थांबले.

मला गाडीतलं काही कळत नाही, पण एवढं कळलं. "म्हणजे त्याला समजणारच नव्हतं," मी म्हणाले. "आधी प्लग गेला, मग पाणी गेलं."

त्यांनी पाना खाली ठेवला. "तू कुणाच्या बाजूची हायस? घराच्या की त्या ड्रायव्हरच्या?"

बाजूच्या शेडमधला वेल्डर आमच्याकडं बघत होता. मी पर्स उचलली आणि निघाले. प्लग उडाला त्याची लाज होतीच. पण माझा माणूस आपलं चुकलेलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालतोय हे ऐकताना जी लाज वाटली, ती निराळी होती.

नंतरचे दिवस वाईट गेले. आता आम्ही चौघं एसटीनं जायचो. फाट्यावर उतरून शाळेपर्यंत चालत जावं लागायचं. मुख्याध्यापकांच्या गुडघ्याला त्रास होता. ते मधे मधे थांबायचे आणि आम्ही त्यांच्यासाठी थांबायचो. कुणी मला काही बोलत नव्हतं. मी येताना दिसले की गप्पांचा विषय तेवढा बदलायचा. एकदा एक सर म्हणाले, "कंपनीच्या गॅरेजला दाखवायला पाहिजे होतं. शेवटी तिथली माणसं शिकलेली असतात." माझ्याकडं न बघता बोलले. मिस्टरांनी आयटीआय केलंय, असं मी म्हणणार होते. पण मग पुढं काय म्हणणार?

आमच्यासारख्या माणसाच्या हातून चूक झाली की ती त्याच्या एकट्याच्या नावावर राहत नाही, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. वर्गात मुलाचं गणित चुकलं तर मी म्हणते, चुकू दे, पुन्हा कर. स्वतःच्या घराला मला तसं म्हणता येत नव्हतं. सर 'शिकलेली माणसं' म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात काय होतं, हे मी अजूनही सांगू शकत नाही. कदाचित काहीच नसेल. पण मी तो शब्द घरापर्यंत नेला.

ड्रायव्हरचं घर शाळेच्या मागच्या अंगाला. वर्गाच्या खिडकीतून जीप दिसायची. बॉनेटवर पोतं टाकलेलं, आणि तिच्या सावलीला कोकरं बसलेली. पहिल्या आठवड्यात तो शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. "ताई, मिस्त्रींना सांगा, सवडीनं येऊन बघून जा म्हणावं."

दाजी म्हणाला नाही. मिस्त्री म्हणाला.

"सांगते," मी म्हणाले. "सध्या त्यांच्याकडं फार काम आहे."

काम नव्हतं असं नाही. पण मी त्यांना निरोपच दिला नव्हता. घरात त्या जीपचा विषय निघाला की ताटावरून उठायची पाळी यायची, म्हणून आम्ही दोघांनीही तो बंद केला होता. त्यानंतर तो दुसऱ्यांदा आला नाही. रस्त्यात दिसला तर "ताई" म्हणून मान हलवायचा आणि पुढं जायचा. मधल्या सुट्टीत खिडकीजवळ उभं राहायची माझी सवय मोडली.

मग एका शनिवारी शाळेतून घरी आल्यावर मी मिस्टरांचा डबा घेऊन गॅरेजला गेले. शेडमध्ये तोच टेम्पो उभा होता, ज्याला त्या दिवशी त्याच पाकिटातला प्लग बसवला होता. टेम्पोवाला दुसऱ्याच कामासाठी आला होता, ब्रेकच्या. मिस्टर मात्र इंजिनाच्या बाजूला वाकले होते. त्यांनी प्लगच्या कडेला स्क्रूड्रायव्हर लावून हलकंच दाबलं. प्लग हलला. सैल दात हलावा तसा.

मी मागं उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. मग पाकिटातला उरलेला एक प्लग काढला, मोजायचं माप आणलं, प्लग मोजला, खोलून ठेवलेल्या तसल्याच दुसऱ्या एका इंजिनाचं भोक मोजलं, परत प्लग मोजला. प्लग केसभर बारीक होता. दुकानदारानं जवळच्या मापाचं पाकीट दिलं होतं आणि यांनी न मोजता ठोकलं होतं. म्हणूनच तो दोनतीन ठोक्यांत आत गेला होता. त्यांनी टेम्पोवाल्याला हाक मारली. "गाडी आज मिळणार नाही. माझं एक काम चुकलंय, ते नीट करून देतो."

मग मागं वळले आणि मला बघितलं. डबा घेतला, उघडला नाही. "उद्या तुझ्या शाळेच्या गावाला जाऊ," म्हणाले.

रविवारी आम्ही मोटरसायकलवर गेलो. हत्यारांची पिशवी माझ्या मांडीवर होती. पिशवीतलं लोखंड सबंध वाटेत पायाला टोचत होतं. ड्रायव्हर अंगणातच होता. त्याची आई दाराशी बसून लोकर निवडत होती, बायको कोकरांना पाणी दाखवत होती, आणि भाऊ नुकताच मेंढरांच्या वाड्यावरून आला होता. आम्हाला बघून ड्रायव्हर उठला. "या," म्हणाला. खाट टाकली, पाणी आणलं. सगळं रीतीप्रमाणं.

मिस्टर बसले नाहीत. उभ्यानं पाणी प्याले आणि जीपकडं गेले. बॉनेटवरचं पोतं उचललं, शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि कामाला लागले. आजूबाजूची चारदोन माणसं येऊन उभी राहिली. मला कुठं बसावं कळेना. मी त्याच्या आईजवळ जाऊन बसले. बाजूला सरकून तिनं जागा केली.

इंजिनाचं वरचं झाकण निघालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मिस्टरांनी त्यावर पट्टी आडवी धरून बघितली. झाकण वाकलं होतं. आत पिस्टनला ओरखडे पडले होते. ते खाली वाकून त्या रिकाम्या भोकात बोट फिरवत होते. मग हात पुसत पुसत ड्रायव्हरच्या समोर येऊन उभे राहिले.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. मोठ्यानं नाही, पण तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "प्लग बारीक मापाचा बसला. मी मोजला न्हाई. पाणी एका दमात गेलं. पाणी गेल्यावर काटा खालीच पडतो, म्हणून तुमाला कळलं न्हाई. तुमी गाडी बरोबर चालवली."

ड्रायव्हर आधी मिस्टरांकडं बघत राहिला, मग त्यानं वळून आपल्या बायकोकडं बघितलं.

"मी हेच सांगत हुतो," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "काटा खाली हुता, काटा खाली हुता. कुणालाच पटंना. दादा म्हनतोय तू इंजान जाळलंस. ही म्हनती तुजं ध्यान नव्हतं. मला सुदिक वाटाय लागलं, आपलंच कायतरी चुकलं असंल. रातभर त्योच काटा दिसायचा."

त्याच्या भावानं मान खाली घातली. बायको पाण्याचं घमेलं उचलून आत गेली.

मी तिथं बसले होते आणि मला वाटत होतं की जमीन फाटावी. इतके दिवस मला वाटत होतं की लाज आमच्या घरात आहे. ती या अंगणात राहत होती, आणि आम्हीच तिला इथं आणून सोडलं होतं. काटा खाली होता हे त्याच्याशिवाय पाहिलेली मी एकटीच. शाळेच्या मागं पावलांच्या अंतरावर हे घर. कुठल्याही मधल्या सुट्टीत येऊन मी त्याच्या आईला, बायकोला एवढं एक वाक्य सांगू शकले असते. नवऱ्याचा कबुलीजबाब त्यासाठी लागत नव्हता.

मी त्याच्या आईला म्हणाले, "मी पुढं बसले होते, मावशी. मीही बघितलं होतं."

तिनं लोकर बाजूला ठेवली. "मग आदी का न्हाय आलीस बाई?" म्हणाली. रागानं नाही. पोर उशिरा घरी आल्यावर विचारतात तसं. ती उत्तरासाठी थांबली नाही. उठून आत गेली आणि भाकरीच्या पिठाचा डबा काढल्याचा आवाज आला.

आम्हाला जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. पानात काही टाकायची माझी हिंमत नव्हती. त्याची आई वाढत राहिली आणि मी खात राहिले.

परतताना मंद्रूप गेल्यावर मिस्टरांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं हवा कमी झाली असेल. ते उतरले नाहीत, मागं वळूनही बघितलं नाही. "तू रोज तितं कशी जात होतीस?" म्हणाले.

"एसटीनं," मी म्हणाले.

ते काय विचारत होते ते मला कळलं होतं. त्यांनाही कळलं की मला कळलंय. मग त्यांनी किक मारली.

इंजिन पिकअपमधून गॅरेजला आणलं. मिस्टरांनी दुसरी कामं बाजूला ठेवून ते पूर्ण खोललं. झाकण मशीनवर सरळ करून आणलं, पिस्टन बदलले आणि अंगाला असलेले सगळे प्लग काढून नवे बसवले, प्रत्येक मोजून. एक प्लग मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या आड असतो. तो दिसत नाही आणि गळायला लागला तर कळतही नाही. तोही बदलला. पाण्याच्या ऐवजी गंज न धरू देणारा कूलंट भरला. ड्रायव्हर रोज येऊन बसायचा. तो मिस्टरांना हत्यारं हातात द्यायचा, दोघं गाड्यांबद्दल बोलायचे, एका डब्यात जेवायचेही. पण 'दाजी' तो पुन्हा कधी म्हणाला नाही. 'मिस्त्री'च म्हणत राहिला. चांगल्या आवाजात म्हणायचा, त्यात राग नव्हता.

जीप पुन्हा सुरू झाली तोवर दोघा सरांनी मिळून जुनी कार घेतली होती. मुख्याध्यापक पहिल्या दिवशी जीपमध्ये बसले आणि चढ आला तसे गप्प झाले. मी मागच्या बाकावर बसले होते. ड्रायव्हरनं आरशातून बघून विचारलं, "ताई, फुडं का न्हाय बसला?"

"इथं वारं चांगलं लागतं," मी म्हणाले.

वर्षभरानं माझी बदली झाली, तोपर्यंत मी मागंच बसत होते. जीपनं त्या वर्षात एकदाही त्रास दिला नाही. पूल ओलांडला की मी बाहेर बघायचे, शेतातलं काहीतरी बघत असल्यासारखं करायचे, आणि कान बॉनेटकडं लावून बसायचे.